सातव्या खांबाचा शेरा

वस्तीत त्याला सगळे शिंपी म्हणायचे. सुईदोऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सदऱ्याचं बटण तुटलं तर बायकोचा हात रिकामा होईपर्यंत उघड्या गळ्याने बसून राहणारा माणूस तो. पण महिन्यातून एकदा, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, खांद्याला लांब फितीची चकती अडकवून तो किनाऱ्याने चालत यायचा, वाकून, डोळे बारीक करून माप घ्यायचा आणि कानावरची पेन्सिल काढून वहीत आकडा टिपायचा. एवढं दिसल्यावर लोक गप्प बसतात होय? समुद्राला नवा सदरा शिवायला घेतलास का, जुना घट्ट होतोय का, अशी चौकशी व्हायची. तोही काही कमी नव्हता. म्हणायचा, गिऱ्हाईक फार वाईट आहे, मापाला म्हणून एका जागी उभं राहत नाही.

कागदोपत्री त्याचा हुद्दा मोजणीदार असा होता. किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या खात्याने कधीकाळी वस्तीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सिमेंटचे बारा खांब रोवले होते. गुडघ्याएवढे, डोक्यावर आकडा कोरलेले. त्या प्रत्येक खांबापासून किनाऱ्याच्या कडेपर्यंत, म्हणजे जिथे माती आणि गवत संपून खाली वाळू सुरू होते तिथपर्यंत, किती अंतर उरलंय ते दर महिन्याला मोजायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण रोज बघणाऱ्याला आपलं पोर वाढलेलं दिसत नाही, पाहुण्याला दिसतं, तसंच किनाऱ्याचं आहे. उधाणाच्या महिन्यांत वाळू जाते, समुद्र शांत झाला की पुष्कळशी परत येते. त्याची थोरली बहीण हसून म्हणायची, माहेरपणाला गेलीय, येईल परत. गेली त्यातली वीतभर परत आलीच नाही, हे मात्र कुणाच्या डोळ्यांना कळत नाही. ते वहीलाच कळतं, आणि तेही वही वर्षानुवर्षं इमानाने लिहिली असेल तर.

त्याने ती इमानाने लिहिली होती. एकतीस वर्षं. वाऱ्याने फितीला पोट सुटलं की माप वाढतं, म्हणून वारा पडेपर्यंत तो खांबाशेजारी बसून राहायचा, मग जेवणाची वेळ टळली तरी चालेल. सगळ्यांनी शाईची पेनं घेतली तरी त्याची पेन्सिल सुटली नाही, कारण खारं पाणी उडालं की शाई पसरते. पोरीच्या लग्नाच्या दिवशी मोठी ओहोटी आली, तर हा नवरीचा बाप पहाटे बारा खांब मोजून, पँटच्या गुडघ्यांना चिखल लावून मांडवात हजर झाला. बायकोने चार लोकांत काही म्हटलं नाही, पण ते लग्नाचे फोटो आले तेव्हा तिने तो चिखल बोट ठेवून ठेवून सगळ्यांना दाखवला.

वहीत पाच रकाने होते. खांब, तारीख, वेळ, अंतर आणि शेरा. एरवी घुम्यासारखा राहणारा हा माणूस शेऱ्याच्या रकान्यात मात्र भरभरून बोलायचा. वारा जोराचा, तीनदा मोजलं. खांबाजवळ मेलेलं कासव. कुणीतरी खांबाला बकरी बांधली आहे, बकरी रागीट. वर बसणारे जुने साहेब वैतागायचे, अहो, कादंबरी लिहू नका, आकडे द्या. तो मान डोलवायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लिहायचा. त्याचं म्हणणं, नुसत्या आकड्याला काय कळतं, आकडा कसा आला ते सांगायला शेरा लागतो. ते अगदी खरं होतं, आणि पुढे तेच त्याच्या अंगाशी आलं.

बहीण म्हणजे त्याची ताई. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई चौदाची. तिची शाळा तिथेच सुटली. सकाळी त्याचे केस विंचरताना ती त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायची, आणि चुकला की कंगवा डोक्यात बसायचा. पुढे तो आकड्यांच्याच नोकरीला लागला, तेव्हा तिने गल्लीभर सांगितलं की हे सगळं माझ्या कंगव्याचं श्रेय आहे. तिचं सासर याच वस्तीत, सातव्या खांबासमोर, अकरा घरांच्या गल्लीत. सुरुवातीच्या वर्षांत खात्याने त्याला फीत दिली होती, पण फितीचं दुसरं टोक धरायला माणूस दिला नव्हता. बाकीच्या खांबांवर तो दगड ठेवून, खिळा ठोकून कसंबसं भागवायचा. सातव्यावर ताई यायची. पदर खोचून फितीची कडी खांबावर दाबून धरायची आणि तो तिकडून आकडा ओरडून सांगायचा. ताईने धरलं की फीत हलायची नाही.

तेव्हा सातव्या खांबापासून कड सोळा मीटरवर होती. बावीस वर्षांत ती तीनवर आली. सोळाचे तीन होताना गल्लीत कुणी हूं की चूं केलं नाही, कारण ते एकदम झालंच नव्हतं.

मग नऊ वर्षांपूर्वी ते वादळ आलं. सगळं आवरून झाल्यावर तो वही घेऊन गेला तर सातवा खांब जागेवर नव्हता. खाली वाळूत आडवा पडला होता, आणि कड त्याच्याही मागे मीटरभर सरकली होती. अशा वेळचा नियम साधा आहे. पक्क्या जमिनीवर, रस्त्याच्या बाजूला नवा खांब रोवायचा आणि शेऱ्यात लिहायचं, खांब इतका मागे घेतला. म्हणजे वर बसलेला माणूस तेवढा आकडा वजा करतो आणि हिशेब जुन्या खांबाशी जुळतो. नवा खांब अठरा मीटर मागे आला. नेमका ताईच्या घराच्या पुढच्या अंगणात, फाटकापाशी. घर आता खांब आणि समुद्र यांच्या मध्ये आलं होतं. त्यामुळे माप घ्यायचं तर फीत ताईच्या घरातूनच न्यावी लागे: पुढच्या दारातून आत, बैठकीच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, आणि मागच्या दाराने बाहेर. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने तशी फीत नेली आणि आकडा आला सतरा.

त्याच महिन्यात खात्याची धोक्याची यादी निघायची होती. कड ज्यांच्या दाराशी आली त्यांनी घरं सोडायची आणि लांब आत, गोदामाच्या आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत जायचं. ताईचा नवरा जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्याच्या चपला अजून दाराशी होत्या, आणि रोज केर काढताना ती त्या उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. तिने भावाला चहा दिला, समोर बसली आणि म्हणाली, "एवढं एक कर माझं. त्या वहीत लिहू नकोस. आत्ताच मला इथून काढू नकोस."

आजवर तिने त्याच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बाहेर येऊन त्याने फाटकाला टेकून वही उघडली, खांब सात, तारीख, वेळ, अंतर सतरा, एवढं लिहिलं. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. बकरीच्या रागाची नोंद ठेवणाऱ्या माणसाला त्या दिवशी लिहायला काही सुचलं नाही.

जुन्या साहेबांनी एकदा विचारलं, तिनाचे सतरा कसे झाले. तो म्हणाला, वादळाने वाळू आणून टाकली. तसं कधीकधी होतंही. साहेबांचा डबा उघडलेला होता. त्यांनी एका हाताने सही केली. गल्ली यादीतून सुटली. पत्र्याच्या खोल्यांत दुसऱ्याच कुठल्या गल्लीतले लोक गेले.

पुढच्या वर्षी लिहून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. ताईचं दुःख जरा निवलं की. मग वाटलं, भाच्याचं लग्न होऊन जाऊ दे. मग वाटलं, आता इतक्या उशिरा लिहिलं तर विचारतील इतके दिवस काय करत होतास. खोटं एकदाच केलेलं असतं, ते सांभाळावं मात्र दर महिन्याला लागतं. त्याने बाकीचं सगळं पूर्वीहून काटेकोर केलं. अकरा खांबांवर तर तो डोळ्यांत तेल घालून काम करायचा. सातव्यावरही आकडा खरा लिहायचा. सतरा, सोळा, साडेपंधरा. फक्त मधले अठरा मीटर कुठे गेले ते तो आणि समुद्र, दोघांनाच ठाऊक होतं.

पण वस्तीला वेगळंच काही कळत होतं, आणि तिथेच सगळं हाताबाहेर गेलं. लोकांना वही वाचता येत नव्हती, शिंपी वाचता येत होता. शिंप्याची सख्खी बहीण या गल्लीत राहते, समुद्राचं माप ज्याच्या खिशात तो भाऊ महिन्याच्या महिन्याला येतो, फीत तिच्या घरातून नेतो, चहा पितो आणि हसत परत जातो. मग घाबरायचं कारण काय? शेजारच्या बेकरीवाल्याने मागच्या अंगणात विटांची मोठी भट्टी घातली. त्याने शिंप्याला सल्ला विचारला नाही, नुसतं ताईच्या घराकडे बघितलं. पलीकडच्या मास्तरणीने गळक्या कौलांच्या जागी पक्कं छप्पर घातलं. एका घराने विहीर खणली. आणि सहाव्या वर्षी भाच्याने ताईच्या घरावर वरची खोली चढवली. विटांची गाडी आली तेव्हा शिंपी तिथेच होता. भाचा म्हणाला, मामा, जरा हात लावा. मामाने हात लावला. दोनशे विटा त्याने स्वतः उतरवून रचल्या आणि त्या दिवशी पाठ दुखते म्हणून लवकर घरी गेला.

ताई त्या वादळानंतरचं बोलणं विसरली असावी. किंवा तिला वाटलं असावं की तिला उगीच भीती वाटली होती; तसं काही असतं तर भावाने सांगितलं नसतं का? कुणी समुद्राची काळजी काढली की ती म्हणायची, माझा भाऊ मोजतोय ना, मला कसली भीती. तो तिथे असला तर चहात बघत राहायचा.

निवृत्तीला चार महिने उरले असताना खात्यात नकाशेबाई आली. हे नावही त्यानेच ठेवलेलं. वयाने त्याच्या पोरीएवढी, डोळ्यांना जाड चष्मा, आणि संगणकावर उंचावरून घेतलेली किनाऱ्याची जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवून रंगीत रेघा ओढत बसायची. लाल रेघ तेव्हाचा काठ, निळी आताचा. तिच्यावर मोठं काम सोपवलं होतं: पुढच्या तीस वर्षांची आखणी. कुठे दगडी बांध घालायचा, कुठे मोकळं सोडायचं, आणि कुठल्या गल्ल्या आख्ख्याच्या आख्ख्या उचलून मागच्या टेकाडावर नव्या घरांत न्यायच्या. या वेळी पत्र्याच्या खोल्या नव्हत्या. पक्की घरं होती, गल्ली शेजाऱ्यांसकट एकत्र जाणार होती. पण यादीत असेल त्यालाच. यादीबाहेरच्यांनी आपलं आपण बघायचं.

इतकी वर्षं कुणी न उघडलेल्या त्याच्या वह्या तिने पहिल्या दिवसापासून उघडल्या. बकरीच्या शेऱ्यावर ती इतकी हसली की बाजूच्या खोलीतले लोक बघायला आले. मग गंभीर होऊन म्हणाली, काका, चित्रं महिन्याच्या महिन्याला नसतात, तुमच्या वह्या नसत्या तर हे काम झालंच नसतं. एकतीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. तो तिला रोज घरचा चहा थर्मासमधून नेऊ लागला.

एके दिवशी तिने पडद्यावर बोट ठेवलं. सात नंबरला तिचं चित्र आणि त्याची वही जुळत नव्हती. चित्र म्हणत होतं की कड एकतीस वर्षांत बावीस मीटर आत आली. वही म्हणत होती, सोळाची बारा, म्हणजे चारच. "चित्रच चुकलं असणार," ती म्हणाली. "मी तुमची वही धरलीय, काका. बाकी अकरा ठिकाणी तुमची वही हातभरही चुकलेली नाही, इथे कशी चुकेल?" तिने गल्लीवर हिरवा रंग भरला. हिरवा म्हणजे ठीक आहे, काही करायची गरज नाही. यादी आठ दिवसांनी वर जाणार होती.

शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. घरी त्याने जेवणाच्या ताटात नुसती बोटं फिरवली. बायकोने विचारलं, तब्येत बरी नाही का? तो म्हणाला, दाढ दुखतेय. दोन दिवस ती त्याला लवंग देत राहिली. तो रोज सांगायचं ठरवून ऑफिसात जायचा, आणि ती काका म्हणून हाक मारायची की तो थर्मासमधून चहा ओतायला लागायचा. सांगितलं तर एकतीस वर्षांची वही कुणी हातात धरणार नव्हतं. नाही सांगितलं तर अकरा घरं तशीच, हिरव्या रंगात.

सहाव्या दिवशी मोठी ओहोटी होती. तो सातव्या खांबावर गेला. ताई कपडे वाळत घालत होती. फाटकावरून घेतलेल्या दोरीचं एक टोक त्या खांबाच्याच खिळ्याला बांधलेलं असे. फितीची कडी त्याने खिळ्यात अडकवली आणि फीत घेऊन घरात शिरला. बैठकीतल्या खाटेखालून, स्वयंपाकघरातल्या पाटाशेजारून. भाच्याची पाच वर्षांची पोर नेहमीसारखी फितीवरून उड्या मारत पुढे पळाली, आणि मागच्या दारातून बाहेर येऊन बघतो तर ती थेट कडेवर बसली होती, पाय खाली सोडून. तिच्या पायांखाली वाळूपर्यंत दोन पुरुष खोल मोकळं होतं, आणि कडेच्या मातीतून गवताची मुळं बाहेर लोंबत होती. मागच्या भिंतीपासून ती बसली होती तिथवर उणीपुरी चार पावलं. ती म्हणाली, आजोबा, किती आलं?

त्याने तिला उचलून आत आणलं, फीत गुंडाळली आणि चहाला न थांबता तडक ऑफिस गाठलं.

नऊ वर्षांपूर्वीची वही काढून त्याने नकाशेबाईच्या टेबलावर उघडी ठेवली. "तुमचं चित्र बरोबर आहे," तो म्हणाला. "खांब अठरा मीटर मागे घेतला होता. शेऱ्यात ते नाही."

तिने तारीख बघितली, वादळाचा महिना बघितला, मनाशी अठरा वजा करून बघितले. तिचा चेहरा उजळला, कारण कोडं सुटलं होतं. "अहो, मग घाबरताय काय? तेव्हाच्या धावपळीत चुकून राहिलं असेल."

केवढी मोठी वाट तिने मोकळी करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. सही झाली असती, गल्ली यादीत आली असती, आणि चार महिन्यांनी हार गळ्यात घालून तो घरी गेला असता.

"चुकून राहिलं नाही," तो म्हणाला. "मी मुद्दाम लिहिलं नाही. तिथे माझी ताई राहते."

तिने चष्मा काढून पुसला. मग विचारलं, आणखी कुठे असं केलंय का. तो म्हणाला, नाही. "माझा विश्वास आहे तुमच्यावर," ती म्हणाली, "पण मला तसं लिहिता नाही येणार, काका."

तिचं बरोबरच होतं. एका खांबाचा साक्षीदार फुटला की बाकीच्या अकरांना कोण विचारतो? आखणी नुसत्या चित्रांवर झाली. चौकशी बसली, कागद इकडून तिकडे फिरले, निवृत्तीला इतके थोडे दिवस उरलेल्या माणसाचं करणार काय म्हणून समज देऊन मिटवलं. त्याच्या एकतीस वह्या कापडात बांधून कपाटावर ठेवल्या गेल्या, गठ्ठ्यावर चिठ्ठी लावली: ग्राह्य धरू नये. ती चिठ्ठी नकाशेबाईलाच लिहावी लागली. त्यानंतर तो थर्मास आणायचा, ती चहाही घ्यायची, पण शेरे वाचून दाखवणं बंद झालं.

गल्ली यादीत आली. नोटीस चिकटायच्या आधी आपल्या तोंडाने सांगावं म्हणून तो ताईकडे गेला. ती तांदूळ निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वादळापासून, काही हातचं न राखता. तिचा हात थांबला नाही. एकेक खडा काढून ती बाजूला ठेवत होती. सगळं सांगून झालं तेव्हा ताटातले तांदूळ संपत आले होते.

"मी तुला वहीत लिहू नकोस म्हटलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मला सांगू नकोस असं कधी म्हटलं?"

नऊ वर्षांत ही गोष्ट त्याच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. समुद्र, साहेब, यादी, सगळ्यांपासून त्याने तिला लपवलं होतं, आणि त्या नादात तिच्यापासूनच सगळं लपवलं.

"वरच्या खोलीच्या विटा तू उतरवल्यास," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

गल्लीला समजायला वेळ लागला नाही. कुणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर निदान त्याला ऐकून घेता आलं असतं. भाच्याने मामा म्हणणं सोडलं. बेकरीवाला मापाच्या दिवशी न चुकता त्याच्या हातात गरम पाव ठेवायचा, इतकी वर्षं. या वेळी त्याने पाठ वळवली आणि आपल्या भट्टीकडे बघत राहिला. भट्टी टेकाडावर नेता येत नाही. बाकी सगळं नेता येतं, चौकटी, कौलं, खाटा, तुळशीएवढं रोपसुद्धा, पण भट्टी फोडावीच लागते.

शेवटच्या महिन्यात मोठी ओहोटी आली तेव्हा मोजणीला जायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आकडा आता कुणाला नकोच होता. तरी तो चकती खांद्याला अडकवून गेला. नवी वही घेतली, कारण जुनी कपाटावर होती. पहिले सहा खांब झाले. सातव्यापाशी आला तर गल्लीत दारं उरली नव्हती, भिंतींत नुसती भोकं होती. ताईचं सामान आदल्या दिवशी गेलं होतं. ती एकटी मागे राहिली होती, कपड्यांची दोरी सोडत. तिच्या शेजारी नवऱ्याच्या त्या चपला होत्या, वर्तमानपत्रात बांधलेल्या.

तिने त्याच्याकडे पाहिलं. हात पुढे केला. त्याने फितीची कडी तिच्या हातात दिली. तिने पदर खोचला आणि कडी खांबावर दाबून धरली, तीस वर्षांपूर्वी धरायची तशी. तो फीत घेऊन घरात शिरला. खाट नव्हती, पाट नव्हता, भिंतीवर चुलीचा काळा डाग तेवढा होता. मागच्या दाराने बाहेर येऊन तो कडेशी वाकला. वारा नव्हता. फीत सरळ होती. आकडा त्याने दोनदा बघितला.

"अकरा," तो ओरडला.

घराच्या पलीकडून तिचा आवाज आला, मोठा नव्हता, पण रिकाम्या खोल्यांतून स्पष्ट ऐकू आला. "खरंच अकरा?"

त्याने पुन्हा सांगितलं असतं, दहादा सांगितलं असतं, पण सांगून उपयोग काय होता? तो फीत घट्ट धरून तसाच वाकून बसला. खांबाच्या खिळ्यात कडी अडकवल्याचा आवाज आला. मग पावलं. ताई फितीच्या कडेकडेने आपल्या घरातून चालत आली, बैठकीतून, स्वयंपाकघरातून, मागच्या दारातून. गुडघ्यावर हात ठेवून त्याच्या शेजारी वाकली. तिला आता जवळचं नीट दिसत नसे, म्हणून तिने फितीवर बोट ठेवलं आणि त्याला लहानपणी शिकवायची तसा एकेक आकडा मागून मोजत आणला, आठ, नऊ, दहा. अकरावर बोट थांबलं.

तिने मान हलवली, तेव्हा त्याने वहीत अकरा लिहिले. शेऱ्यात लिहिलं, ताईने पाहिलं.